एडिटिंग टाइमलाइनपासून ५.१ मिक्सपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिट संपला, पिक्चर लॉक झालं (म्हणजे चित्रात आता बदल नाही) आणि आता थिएटरसाठी किंवा ओटीटीसाठी ५.१, म्हणजे समोरून आणि मागूनही येणारा सहा चॅनेलचा ऑडिओ हवा आहे. या टप्प्यावर मला येणारे फोन बहुतेक सारखेच असतात आणि बहुतेक वेळा थोडे उशिराच येतात. मी मराठी सिनेमे, लघुपट आणि माहितीपट मिक्स करते, म्हणजे त्यांचे सगळे आवाज जुळवून अंतिम ऑडिओ तयार करते. खालची उत्तरं एडिटर, सहाय्यक एडिटर आणि स्वतःच एडिटला बसणाऱ्या दिग्दर्शकांसाठी आहेत. मिक्सिंग स्टुडिओची तारीख ठरवण्याआधी निदान पहिली पाच तरी वाचा. स्टुडिओचं भाडं तासावर असतं, आणि ते तास सर्वात जास्त वाया जातात ते फाइली निस्तरण्यात.

स्टीरिओ फाइल तयार आहे. तिचं ५.१ करून मिळेल का?

सहा चॅनेलची फाइल मिळेल, अगदी दहा मिनिटांत मिळेल. पण ती थिएटरात लावल्यावर जे ऐकू येईल त्याला मी ५.१ मिक्स म्हणणार नाही.

स्टीरिओ फाइलमध्ये संवाद, पार्श्वसंगीत, पावलं, पाऊस हे सगळं दोन चॅनेलमध्ये एकत्र कालवलेलं असतं. वरणभात कालवल्यावर भात वेगळा काढता येत नाही, तसंच हे. अपमिक्स करणारं, म्हणजे दोन चॅनेलचे सहा करणारं सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंची तुलना करतं. डावीकडे आणि उजवीकडे जे सारखं आहे ते मधल्या स्पीकरला पाठवतं, जे वेगळं आहे ते बाजूंना आणि मागे सोडतं. संवाद दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो मध्ये जातो. इथपर्यंत ठीक. पण ढोलकीही बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखीच असते, गायिकेचा आवाजही, बेसही. तेही सगळं संवादाच्या अंगावर येऊन बसतं. मग दिग्दर्शक म्हणतो, ‘संवाद जरा वर घ्या’, आणि संवाद वर घेतला की ढोलकीही वर येते.

एका माहितीपटात दिंडीचा प्रसंग होता. वाटेने चालता चालता एक मावशी कॅमेऱ्याशी बोलतायत, मागे टाळ-मृदंगाचा गजर. माझ्याकडे आधी आली ती एडिटमधली स्टीरिओ फाइल. तिच्यात मावशींचं बोलणं टाळांमध्ये बुडालं होतं. मी मूळ टाइमलाइन मागितली, तेव्हा त्यात मावशींचा लेपल माइक (कपड्यांना लावलेला) वेगळा निघाला, बूम (दांडीवरचा माइक) वेगळा आणि गजराचं स्टीरिओ रेकॉर्डिंग वेगळं. मावशींचा आवाज मधल्या स्पीकरला दिला, जवळचे टाळ समोर डावी-उजवीकडे पसरले, मागून येणाऱ्या दिंडीचा गजर सराउंडला, म्हणजे बाजूच्या आणि मागच्या स्पीकरना. टाळ कमी करावेच लागले नाहीत. आवाज वेगवेगळ्या दिशांनी आले की कान त्यांची वेगवेगळी दखल घेतो, आणि मावशींचा एकेक शब्द कळू लागला. ५.१ करायचं ते यासाठी.

अपमिक्स पूर्ण टाकाऊ नाही. संगीतकाराकडून फक्त स्टीरिओ ट्रॅक आलाय, जुनं गाणं वापरलंय, रानातल्या सकाळचं, म्हणजे परिसराच्या आवाजाचं, स्टीरिओ अ‍ॅम्बियन्स आहे, अशा एकट्या घटकाला अपमिक्स करून पसरवणं चांगलं चालतं. मी स्वतः ते नेहमी करते. अख्ख्या सिनेमाचा स्टीरिओ मिक्स मात्र त्यातून काढू नका.

५.१ मधले सहा चॅनेल नेमके कोणते?

पडद्यामागे तीन: डावा, मधला, उजवा. प्रेक्षकांच्या बाजूने आणि मागे दोन सराउंड: डावा आणि उजवा. आणि सहावा एलएफई, म्हणजे फक्त खालच्या, साधारण १२० हर्ट्‌झपर्यंतच्या आवाजांसाठी राखलेला. तो पूर्ण पट्टा वाजवत नाही, म्हणून त्याला ‘.१’ म्हणतात.

एलएफईबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्लेबॅकला तो बाकीच्या चॅनेलपेक्षा १० डेसिबल वर वाजतो. घरी सबवूफर नीट कॅलिब्रेट न करता एलएफई भरला तर थिएटरात तो अंगावर येतो. आणि ५.१ वरून स्टीरिओ काढताना, म्हणजे डाउनमिक्समध्ये, एलएफई साधारणपणे गाळला जातो, त्यामुळे महत्त्वाचा आवाज फक्त त्याच्यावर टाकू नका. ढगांचा गडगडाट समोरच्या आणि मागच्या चॅनेलमध्येही हवा. एलएफईने त्याला फक्त वजन द्यायचं.

मग मिक्सिंगला द्यायचं तरी काय?

चार गोष्टी द्या. पहिली, पूर्ण टाइमलाइनचा एएएफ (एडिटमधल्या क्लिप आणि कट मिक्सिंगकडे नेणारी फाइल), ऑडिओ आत एम्बेड केलेला. दुसरी, रेफरन्स व्हिडिओ: त्यावर टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा आकडा) चित्रावरच छापलेला, एडिटमधला कच्चा मिक्स त्याच्यासोबत, आणि फ्रेम रेट टाइमलाइनचाच. तिसरी, लोकेशनवरच्या रेकॉर्डिस्टने दिलेल्या सगळ्या मूळ फाइली, त्याच्या साउंड रिपोर्टसकट. चौथी, संगीताचे स्टेम (वाद्यं, गायन असे सुटे ट्रॅक), मिळाले तर.

तिसऱ्या गोष्टीवरून सर्वात जास्त वाद होतात. एडिटर म्हणतो, एएएफमध्ये आहे ना ऑडिओ! असतो, पण बऱ्याचदा फक्त रेकॉर्डिस्टचा मिक्स ट्रॅक असतो. फील्ड रेकॉर्डरच्या फाइलमध्ये पहिल्या एक-दोन चॅनेलवर तयार मिक्स असतो आणि पुढच्या चॅनेलवर प्रत्येक लेपल आणि बूम सुटासुटा असतो. एडिटला सोयीचं म्हणून एडिटर पहिला चॅनेल घेतो, आणि त्यात चूक काही नाही. पण नायिकेचा लेपल साडीला घासला त्या ठिकाणी बूमवरचा संवाद हवा असतो, आणि तो मूळ फाइलीतच सापडतो. फाइलींची नावं मात्र बदलू नका. नाव, टाइमकोड आणि मेटाडेटा शाबूत असेल तर बाकीचे माइक प्रो टूल्स हे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर आपोआप शोधून देतं. कुणीतरी उत्साहाने ‘आजी सीन फायनल २’ असं नाव दिलं, की हाताने शोधाशोध सुरू.

ट्रॅकही लावून द्या. संवाद वरच्या ट्रॅकवर, मग आवाजांचे परिणाम, मग अ‍ॅम्बियन्स, शेवटी संगीत. एकाच ट्रॅकवर संवादापाठोपाठ गाणं आणि त्यापाठोपाठ कुत्र्याचं भुंकणं असेल, तर पहिला अर्धा दिवस फक्त निवडण्यात जातो.

ओएमएफ दिला तर चालेल?

दुसरा पर्यायच नसेल तर चालेल. तो एएएफसारखाच पण जुना प्रकार, आणि त्याला २ जीबीची मर्यादा आहे, त्यामुळे लांब सिनेमाचे तुकडे करावे लागतात. एएएफच द्या. फायनल कट प्रो थेट एएएफ काढत नाही. त्यातून एक्सएमएल काढून एक्स-टू-प्रोसारख्या वेगळ्या सॉफ्टवेअरने त्याचा एएएफ करावा लागतो. ही सोय आधीच करून ठेवा, शेवटच्या रात्री नको.

एएएफमध्ये काय येतं आणि काय गळतं?

क्लिपच्या जागा, कट, फेड आणि बहुतांशी क्लिपचे आवाज वर-खाली केलेले येतात. प्लगइन येत नाहीत: इक्वलायझर, रिव्हर्ब, नॉइज रिडक्शन, काहीच नाही. एडिटमध्ये एखाद्या फोनवरच्या आवाजाला दिलेला परिणाम दिग्दर्शकाला आवडला असेल, तर तो तुकडा परिणामासकट वेगळा रेंडर करून खालच्या ट्रॅकवर ठेवा आणि मूळही ठेवा.

वेग बदललेल्या क्लिप धोक्याच्या. त्याही रेंडर करून द्या. नेस्ट केलेले (एकात एक ठेवलेले) सीक्वेन्स आणि मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांच्या) क्लिप आधी सपाट करा, नाहीतर बऱ्याचदा ते एकसंध क्लिप होऊन येतात आणि आतले माइक हाताला लागत नाहीत. आणि पाठवण्याआधी तो एएएफ स्वतः एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

हँडल किती ठेवायचे?

हँडल म्हणजे कटच्या पलीकडचा, टाइमलाइनवर न वापरलेला ऑडिओ. तो प्रत्येक कटच्या दोन्ही बाजूंना निदान पाच सेकंद. संवादाच्या मागे खोलीचा आवाज भरायला तेच लागतात. जागा वाचवायला शून्य हँडल दिलात तर दोन शॉटमधली पंख्याची घरघर जुळवायला माझ्याकडे काहीच उरत नाही.

टू-पॉप म्हणजे काय? तो खरंच लागतो का?

लागतो. सिनेमाच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एकच फ्रेम लांबीचा, १००० हर्ट्‌झचा ‘पिप्’ आणि त्याच फ्रेमवर चित्रात एक खूण. सिनेमा ०१:००:००:०० ला सुरू होत असेल तर पॉप ००:५९:५८:०० वर.

स्क्रीनवर झूम करून बघितलं की त्याचं मोल कळतं. २४ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये ४८ किलोहर्ट्‌झला एका फ्रेममध्ये बरोबर २००० सॅम्पल बसतात. पॉपची लाट त्या चौकटीत काठाला काठ लावून बसली तर सिंक पक्का. ती अर्धी चौकट जरी सरकलेली दिसली, तरी ओठ आणि शब्द जुळतायत का हे डोळे ताणून बघत बसण्याआधीच कळतं की फाइल कुठेतरी हलली. शेवटीही एक पॉप द्या. सुरुवात जुळते आणि शेवट जुळत नाही, म्हणजे फ्रेम रेटचा घोळ आहे.

मध्यंतरावर सिनेमा दोन भागांत दिला असेल तर दोन्ही भागांना वेगवेगळे पॉप लागतात.

फ्रेम रेटचा ऑडिओशी काय संबंध?

फार जवळचा. डिजिटल सिनेमासाठी २४ फ्रेम सगळीकडे चालतात. २५ चं डीसीपी (थिएटरला जाणारं सिनेमाचं डिजिटल पॅकेज) बनतं, पण जुन्या सर्व्हरवर ते अडू शकतं. आपल्याकडे टीव्हीची सवय २५ ची, त्यामुळे बरेच लघुपट २५ वर शूट होतात आणि महोत्सवाने २४ मागितल्यावर धावपळ होते. १२० मिनिटांचा २५ फ्रेमचा सिनेमा २४ ने चालवला की १२५ मिनिटांचा होतो. ऑडिओ तेवढाच ताणावा लागतो आणि स्वर सांभाळला नाही तर गायकाची पट्टी खाली येते, जवळजवळ पाऊण अर्ध-स्वराने. पेटीवर कान तयार असलेल्याला ते लगेच खटकतं.

२३.९७६ आणि २४ मधला फरक जास्त फसवा, कारण तो छोटा आहे. हजारात एक. दोन तासांच्या सिनेमात शेवटाला ७.२ सेकंद होतात. पहिल्या मिनिटात कुणाला काहीच जाणवत नाही, विसाव्या मिनिटाला ओठ सुटलेले असतात. शूटिंगच्या आधी कॅमेरा, रेकॉर्डिस्ट आणि एडिटर या तिघांनी एकदा बसून आकडा ठरवा आणि लिहून ठेवा.

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच ५.१ करता येणार नाही का?

करता येतं. प्रीमियरमध्ये सीक्वेन्स बनवतानाच मास्टर ५.१ निवडा. रिझॉल्व्हमध्ये फेअरलाइटच्या पानावर मुख्य बस (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात ती वाट) ५.१ ची करा. मग प्रत्येक ट्रॅकला पॅनर (आवाज कोणत्या स्पीकरला जाईल ते ठरवणारं साधन) मिळतो. कमी बजेटच्या लघुपटासाठी हा अगदी प्रामाणिक मार्ग आहे. संवाद मधल्या स्पीकरला, संगीत समोर डावी-उजवीकडे आणि थोडं मागे, अ‍ॅम्बियन्स चारही बाजूंना, एवढं शिस्तीने केलं तरी प्रेक्षकाला फरक जाणवतो.

अडचण खोलीची आहे. थिएटरचे स्पीकर ‘एक्स-कर्व्ह’नुसार लावलेले असतात, म्हणजे २ किलोहर्ट्‌झच्या वर आवाज मुद्दाम उतरता ठेवलेला असतो. छोट्या खोलीत जवळच्या स्पीकरवर लखलखीत वाटणारा मिक्स मोठ्या पडद्यामागून मंद वाटतो. सराउंडचंही तसंच. थिएटरात प्रत्येक सराउंड बाजू समोरच्या चॅनेलपेक्षा ३ डेसिबल खाली कॅलिब्रेट करतात, घरात बरोबरीने. घरात मागचा पाऊस जेमतेम जमलेला असेल तर थिएटरात तो कमी पडतो. म्हणून मिक्स घरी करा, पण डीसीपी करण्याआधी एकदा खऱ्या थिएटरात ऐका. सकाळच्या पहिल्या शोआधी तासाभरासाठी पडदा देणारी थिएटरं विचारल्यावर मिळतात.

चॅनेलचा क्रम काय ठेवायचा?

सहा चॅनेलच्या एका फाइलमध्ये कोणता आवाज कितव्या जागेवर, याचे दोन क्रम सर्रास चालतात. एक: डावा, उजवा, मधला, एलएफई, डावा सराउंड, उजवा सराउंड. हा डीसीपीचा आणि प्रीमियरचा. दुसरा, ज्याला फिल्म क्रम म्हणतात: डावा, मधला, उजवा, डावा सराउंड, उजवा सराउंड, एलएफई. हा प्रो टूल्समध्ये नेहमीचा.

दोन्ही फाइली दिसायला सारख्याच. मी नवी असताना एका लघुपटाची फाइल फिल्म क्रमात काढली आणि डीसीपी करणाऱ्याला ते सांगितलं नाही. थिएटरात पहिलाच प्रसंग: बाहेर पाऊस, आजी चुलीपाशी पडद्याच्या मधोमध बसलेली, आणि तिचा आवाज उजव्या टोकाकडून. मधला आवाज उजव्याच्या जागी गेला होता आणि उजवीकडचं संगीत मधून येत होतं. डाव्या बाजूचा पाऊस सबवूफरमध्ये जाऊन नुसता घुमत होता, उजव्या बाजूचा डावीकडे गेला होता. विजेच्या गडगडाटाचा एलएफई उजव्या भिंतीवरच्या छोट्या स्पीकरना मिळाला, आणि ते थरथरताना ऐकू येत होते. दिग्दर्शक माझ्याकडे वळून बघत होता. नवं डीसीपी करून आणेपर्यंत प्रेक्षक दारात ताटकळले होते.

तेव्हापासून मी प्रत्येक डिलिव्हरीसोबत एक छोटी ओळख-फाइल देते. ‘डावा’, ‘मधला’, ‘उजवा’ असं एकेका चॅनेलवर माझ्या आवाजात बोललेलं, एलएफईवर कमी कंपनाचा सूर. थिएटरात ती आधी वाजवायची. तीस सेकंद लागतात.

मग एक फाइल द्यायची की सहा?

सहा वेगवेगळ्या मोनो फाइली, नावाच्या शेवटी चॅनेलचं संक्षिप्त नाव. क्रमाचा प्रश्नच मिटतो.

आकाराचंही कारण आहे. साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, सहा चॅनेल असा हिशोब केला तर सेकंदाला ८,६४,००० बाइट होतात आणि साधारण ८३ मिनिटांना मर्यादा गाठली जाते. दोन तासांचा सिनेमा सव्वासहा अब्ज बाइटच्या घरात जातो. मोठ्या फाइलींसाठी आरएफ-६४ हा प्रकार आहे, पण तो सगळ्या सॉफ्टवेअरला वाचता येतोच असं नाही. मोनो फाइल दोन तासांची असली तरी एक जीबीच्या आसपासच राहते.

एमपी-३ किंवा एएसी दिलं तर?

नाही. डीसीपीमध्ये कॉम्प्रेस न केलेला २४ बिटचा पीसीएम ऑडिओ जातो. मधल्या कुठल्याही टप्प्यावर आवाज दाबू नका.

थिएटरचा ५.१ मिक्सच ओटीटीला दिला तर चालेल का?

तसाच दिला तर बहुधा परत येईल. थिएटरात आवाजाची पातळी खोलीच्या कॅलिब्रेशनवरून ठरते: −२० डेसिबलचा पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) पडद्यामागच्या प्रत्येक चॅनेलवरून ८५ डेसिबलला ऐकू यायला हवा. त्या खोलीत कानाने मिक्स करायचं. ओटीटीला मीटरवरचा आकडा बघतात. नेटफ्लिक्सची अट संवादावर मोजलेल्या −२७ एलकेएफएसची (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आहे, दोन युनिट वर-खाली चालतात, आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वोच्च टोक) −२ च्या वर जाता कामा नये. युरोपातल्या टीव्हीचा मापदंड −२३ एलयूएफएस (तेच एकक, नाव वेगळं). ज्याला द्यायचं त्याचा कागद मागून घ्या आणि मिक्सिंगच्या आधी मागा.

फक्त फेडर (आवाज वर-खाली करायचा दांडा) खाली ओढून हे सुटत नाही. थिएटरात कुजबुज आणि स्फोट यांच्यात जे अंतर शोभतं, ते दिवाणखान्यात पंखा चालू असताना जमत नाही. कुजबुज ऐकूच येत नाही आणि स्फोटाला शेजारी दार वाजवतात. म्हणून घरासाठी वेगळा नियरफील्ड (जवळच्या स्पीकरवर ऐकायचा) मिक्स करतात. स्टेम तयार असतील तर ते साधारण एक-दोन दिवसांचं काम. नसतील तर सगळं पहिल्यापासून.

थिएटरात आवाज कमी वाटतो, मिक्स आणखी मोठा करून देऊ का?

नका देऊ. पुष्कळ थिएटरांत प्रोसेसरचा फेडर प्रमाण ७ वर नसतो, ५ किंवा त्याच्याही खाली असतो. आधी प्रोजेक्शनिस्ट काकांना विचारा. मिक्स दाबून मोठा केला की तक्रारी वाढतात, फेडर आणखी खाली जातो, आणि पुढच्या आठवड्यातल्या शांत सिनेमाचे संवाद कुणालाच ऐकू येत नाहीत.

५.१ वरून स्टीरिओ कसं काढायचं?

मधला चॅनेल ३ डेसिबल खाली करून दोन्हीकडे, सराउंड ३ डेसिबल खाली करून आपापल्या बाजूला, एलएफई गाळायचा. हे झालं प्रमाण सूत्र. त्यानंतर ऐकायचं, आणि मोबाइलच्या स्पीकरवर पण ऐकायचं, कारण ट्रेलर तिथेच बघितला जातो. मागच्या अ‍ॅम्बियन्सची समोर गर्दी झाली असेल तर सराउंड आणखी कमी करा.

एम अँड ई (संगीत आणि परिणाम) ट्रॅक कशाला? आम्हाला डबिंग करायचंच नाहीये.

आज नाही करायचं. सिनेमा हिंदीत किंवा तेलुगूत विकला गेला तर समोरचा पहिल्यांदा हेच मागतो: संवाद वगळून बाकी सगळं. सिंक साउंडमध्ये (शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड केलेल्या आवाजात) संवाद काढला की त्याच माइकवरची पावलं, भांडी, दार, सगळं जातं. ते फोली करून, म्हणजे ते आवाज स्टुडिओत पुन्हा काढून, भरावं लागतं. मिक्सच्या वेळी तो विचार झाला तर थोडक्यात होतं. संवाद, संगीत आणि परिणाम यांचे ५.१ स्टेम वेगवेगळे काढून ठेवा, निदान एवढं तरी नक्की.

डॉल्बी अ‍ॅटमॉस करावं का?

अ‍ॅटमॉसमध्ये १२८ पर्यंत इनपुट असतात: एक ‘बेड’ (ठरलेल्या चॅनेलचा पाया) आणि बाकी हवेत फिरवता येणारे ऑब्जेक्ट, छतावरच्या स्पीकरसकट. सुंदर माध्यम आहे. पण तुमचा सिनेमा ज्या पडद्यांवर लागणार आहे त्यांतले किती अ‍ॅटमॉसचे आहेत, हे वितरकाला विचारा. पैसे मोजके असतील तर ते चांगल्या फोलीवर आणि संवाद साफ करायला एका जास्तीच्या आठवड्यावर खर्च करा. ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतं.

पिक्चर लॉकनंतर दोन शॉट काढले. आता?

लगेच सांगा. लपवू नका, लाजूही नका, असं होतं. जुन्या आणि नव्या कटचे एडीएल (कुठला शॉट कुठून कुठे, याच्या याद्या), नवा रेफरन्स व्हिडिओ, आणि कोणत्या टाइमकोडला किती फ्रेम गेल्या याची यादी द्या. दीड सेकंदाचा शॉट गेला तरी त्यापुढचा प्रत्येक ट्रॅक सरकवावा लागतो आणि कटवरून वाहत जाणारं संगीत पुन्हा जुळवावं लागतं.

थिएटरात ट्रायल बघताना कुठे बसायचं?

सुरुवात मध्याच्या थोडं मागे, तिथेच मिक्स ठरतो. मग उठा. एक प्रसंग शेवटच्या रांगेत कोपऱ्यात, सराउंड स्पीकरच्या अगदी खाली बसून ऐका. मागचा पाऊस संवादावर कुरघोडी करतो का ते तिथे कळतं. एक प्रसंग पुढच्या दुसऱ्या रांगेत ऐका. आणि सोबत असा एक माणूस न्या ज्याने पटकथा वाचलेली नाही. तुम्हाला प्रत्येक संवाद पाठ असतो, त्यामुळे तो न ऐकताही ऐकू येतो. ‘काय म्हणाली ती?’ असं तो ज्या जागी विचारेल, तिथला टाइमकोड लिहून घ्या आणि तेवढंच घेऊन परत मिक्सिंगला या.